गाडी सेलच घेत नाही: नागपूरकर कारमालकांचे नेहमीचे प्रश्न

मानेवाड्याकडे माझं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे. सकाळी सात ते दहा फोन थांबत नाही. कुणाला पोरांना शाळेत सोडायचं असतं, कुणाला बुटीबोरी गाठायची असते, आणि गाडी नेमकी तेव्हाच अडते. फोनवरचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "दादा, बॅटरी गेली वाटते, नवीन घेऊन या." मी गेल्यावर पाहतो तर बऱ्याचदा बॅटरी शाबूत असते, दोष भलतीकडेच असतो. काही जण मात्र माझी वाट न पाहता हजारो रुपये मोजून नवी बॅटरी टाकतात आणि आठवड्याभरात पुन्हा त्याच जागी उभे राहतात. कष्टाचा पैसा असा गेलेला मला बघवत नाही. म्हणून लोक जे विचारतात ते इथं सविस्तर लिहिलं आहे. माझा आग्रह एवढाच की आधी ऐका, मग मोजा, आणि काय बदलायचं ते त्यानंतर ठरवा.

"गाडी चालू होत नाही" म्हटलं की तुम्ही आधी "इंजिन फिरतं का?" असं का विचारता?

कारण हे दोन वेगळे आजार आहेत. किल्ली फिरवल्यावर नेहमीसारखा खर्र-खर्र आवाज येतो, इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही, अशा वेळी बॅटरी आणि सेल्फ (इंजिनला पहिला फेरा देणारी विजेची मोटार, म्हणजे स्टार्टर) आपलं काम करत आहेत. तिथं पेट्रोल, पंप, स्पार्क, सेन्सर यांच्याकडे पाहायचं. इंजिन जागचं हलतच नाही, तेव्हा शोध बॅटरी, तारा, स्विच, सेल्फ आणि खुद्द इंजिन एवढ्यातच घ्यायचा. हे पान या दुसऱ्या आजाराबद्दल आहे.

जुन्या अँबेसेडरला आणि जीपला हँडल मारायची सोय होती. सेल्फ बिघडला तरी दोन मनगटं इंजिन फिरवून द्यायची. विजेवर चालणारा सेल्फ १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांपासून रूढ झाला, अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंगच्या कामातून. आजच्या गाड्यांना हँडल नाही, त्यामुळे हा एक मोटार अडला की सगळं अडतं.

घरच्या घरी, हातात काहीही नसताना, पहिली तपासणी कोणती?

हेडलाइट लावा आणि गाडीसमोरच्या भिंतीवर उजेड पडू द्या. आता सेल मारा, म्हणजे किल्ली फिरवून गाडी चालू करायला बघा, आणि भिंतीकडे पाहा.

उजेड पार विझला किंवा विझल्यासारखा झाला, तर बॅटरी रिकामी आहे नाहीतर टर्मिनल (बॅटरीला तार जोडतात तो जोड) ढिलं किंवा गंजलेलं आहे. उजेड थोडा मंदावला, एक "ठक" आवाज आला आणि पुढे काही नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोचतो आहे पण सेल्फ फिरत नाही. उजेड जराही हलला नाही आणि आवाजही नाही, तर सेल्फला हुकूमच पोचलेला नाही. एवढ्या एका निरीक्षणावर मी फोनवरूनच ठरवतो की सोबत काय न्यायचं.

हेडलाइट लागला म्हणजे बॅटरी चांगली, असं मात्र धरू नका. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण दहा अँपिअर घेतात. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो आणि मोठ्या डिझेलचा त्याहून बराच जास्त. दहा किलोची पिशवी उचलणारा माणूस दोनशे किलोचं पोतं उचलेलच असं नाही.

नुसतं कट-कट-कट-कट वाजतं. हा कसला आवाज?

सेल्फच्या पाठीवर सोलेनॉइड असतो. किल्लीकडून करंट आला की तो दोन कामं करतो. आतला छोटा गिअर फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मोठ्या दातेरी चाकाच्या) दात्यांत ढकलतो आणि बॅटरीच्या जाड तारेला मोटारशी जोडणारे तांब्याचे दोन काँटॅक्ट मिळवतो. बॅटरी अशक्त असेल तर सोलेनॉइड खेचण्यापुरता जोर तिच्यात असतो, पण मोटार जोडली जाताच व्होल्टेज कोसळतं. व्होल्टेज कोसळलं की सोलेनॉइड सुटतो. तो सुटला की मोटारचा भार गेला, व्होल्टेज पुन्हा वर आलं, सोलेनॉइडने पुन्हा खेचलं. हे सेकंदात कितीतरी वेळा होतं आणि तुम्हाला कट-कट ऐकू येतं.

म्हणजे कट-कट वाजत असताना किल्ली, स्विच, रिले (विजेने चालणारा छोटा स्विच), सोलेनॉइडची कॉइल हे सगळं ठीक आहे. संशय बॅटरीवर आणि टर्मिनलवर घ्या. आधी टर्मिनल हाताने हलवून पाहा. हाताने फिरलं, तर दोष तुम्हाला बहुधा सापडला.

एकच जोरात "ठक" होतं आणि संपतं.

सोलेनॉइड खेचला गेला, पण मोटार फिरली नाही. आतले तांब्याचे काँटॅक्ट जळालेले असतील, कार्बन ब्रश (मोटारच्या फिरत्या भागाला वीज देणारे तुकडे) झिजलेले असतील, बुश (दांड्याचा आधार) घासून आर्मेचर (तो फिरता भाग) अडकलं असेल, किंवा इंजिनच अडलेलं असेल. शेवटची शक्यता महाग आहे, म्हणून ती आधी तपासून बाजूला काढावी. ते कसं, ते पुढे सांगतो.

"कार्बन संपला" म्हणून पूर्ण सेल्फ बदलायला सांगतात. बदलावा का?

आधी उघडून दाखवायला सांगा. कार्बन ब्रशचा सेट काही शे रुपयांत मिळतो. बुश, काँटॅक्ट, ब्रश बदलून आणि कम्युटेटर (आर्मेचरचा तांब्याचा भाग, ज्यावर ब्रश टेकतात) साफ करून बहुतेक सेल्फ पुन्हा वर्षानुवर्षं चालतात. आर्मेचर जळालं असेल, जळका वास येत असेल, तर मात्र बदललेला बरा. आर्मेचर पुन्हा वाइंड करून देणारे चांगले कारागीर अजून आपल्या शहरात आहेत. चांगला हात मिळाला तर ते कामही टिकतं.

सेल्फवर ठोकलं की गाडी चालू होते, हे खरं आहे का?

खरं आहे. ब्रश झिजून कम्युटेटरला नीट टेकत नसतील तर लाकडी दांड्याने सेल्फच्या अंगावर दोन हलक्या टिचक्या मारल्या की ते टेकतात. पण हे घरी पोचण्यापुरतं आहे. आज ठोकून चालू झाली, म्हणजे दोष सेल्फच्या आतच आहे याचा पुरावा तुमच्या हाती आला. दुसऱ्या दिवशी कामाला टाका. हातोडीने जोरात ठोकू नका, बऱ्याच सेल्फमध्ये आत चुंबक चिकटवलेले असतात आणि ते फुटतात.

किल्ली फिरवली तर काहीच नाही. ना आवाज, ना हालचाल. डॅशबोर्ड मात्र लागतो.

हुकूम वाटेत कुठेतरी अडला आहे. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर पी (पार्क) वरून एन (न्यूट्रल) वर आणा आणि पुन्हा सेल मारा. एन वर घेतली तर गिअरचा सेफ्टी स्विच खराब आहे. मॅन्युअल गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल न घेणारी मॉडेल्स बरीच आहेत. क्लचखाली मॅट गोळा झालेली असते आणि पेडल शेवटपर्यंत जातच नाही, हे मी कितीदा पाहिलं आहे! मॅट सरकवली, गाडी चालू. त्याचे मी पैसे घेत नाही.

यानंतर फ्यूज आणि रिले. बॉनेटखालच्या डब्याच्या झाकणावर नकाशा छापलेला असतो. त्याच आकाराचा आणि त्याच नंबरचा दुसरा रिले, समजा हॉर्नचा, काढून सेल्फच्या जागी लावून पाहता येतो.

खरा निकाल मात्र सोलेनॉइडवरच्या बारीक तारेवर लागतो. एकाने किल्ली सेलवर धरायची, दुसऱ्याने त्या तारेवर टेस्ट लॅम्प लावायचा. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवाच. लॅम्प लख्ख लागला आणि तरी सेल्फ गप्प, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या जाड तारेत. लॅम्प लागला नाही, तर दोष मागे, किल्ली ते रिले या वाटेवर. अर्धा शोध या एका ठिकाणी संपतो.

स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून सेल मारतात. मी करू का?

नको. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती जागेवरून उडी मारते आणि तुम्ही तिच्या समोर वाकलेले असता. शिवाय ठिणगी मोठी पडते.

सेल मारला की घर्रर असा गुळगुळीत आवाज येतो, पण इंजिन फिरत नाही.

मोटार फिरते आहे, पण गिअर फ्लायव्हीलला धरत नाही. बेंडिक्स (सेल्फचा तो छोटा गिअर आणि त्याचा क्लच) घसरतोय, किंवा फ्लायव्हीलच्या कडेच्या रिंग गिअरचे दाते तुटले आहेत. कधी चालू होते, कधी नुसतीच घर्रर करते, असं असेल तर इंजिन थांबताना ठराविक जागी थांबतं आणि दाते तिथंच झिजलेले असतात. बॅटरीचा यात काही संबंध नाही.

मल्टिमीटर घेतला आहे. किती व्होल्ट दाखवायला हवेत?

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी काहीही चालू न करता मोजा. १२.६ म्हणजे भरलेली. १२.४ च्या आसपास पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पावभर. ११.८ च्या खाली ती रिकामीच समजा. बॅटरीत सहा सेल, म्हणजे आतली छोटी घरं, असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. रात्रभर चार्जरवर ठेवूनही थोड्या वेळाने १०.५ च्या आसपास येऊन बसत असेल तर एक सेल मेला आहे. अशी बॅटरी खरोखर बदलायची.

इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. बारा-साडेबाराच दिसत असतील तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) चार्ज करत नाही. काही नव्या गाड्यांत मात्र चार्जिंग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतं, तिथं एका आकड्यावर निर्णय घेऊ नका.

मीटरवरही डोळे मिटून विसंबू नका. मे २०२४ मध्ये आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि ती बातमी देशभर फिरली. नंतर तो सेन्सरचा दोष निघाला. मीटरमधला छोटा सेल उतरला की तोही असाच चढा आकडा दाखवतो. शंका आली की दुसऱ्या चांगल्या गाडीच्या बॅटरीवर तोच मीटर लावून पाहा.

मीटर १२.५ दाखवतो, बॅटरी नवी आहे, तरी सेल घेत नाही. मग दोष कुठे?

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात.

उभ्या गाडीचं व्होल्टेज बॅटरी किती भरली आहे ते सांगतं, जोर किती आहे ते सांगत नाही. म्हणून मोजताना सेल मारायचा. मीटर बॅटरीच्या दोन खांबांवर लावा आणि दुसऱ्याला सेल मारायला सांगा. त्या क्षणी आकडा ९.६ च्या खाली गेला तर भरलेली असूनही बॅटरी अशक्त आहे. आकडा ११ किंवा १२ वरच राहिला आणि इंजिन तरी हललं नाही, तर बॅटरीचा काही दोष नाही. तिच्यातून करंट निघतच नाहीये.

मग तो अडतो कुठे? मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, म्हणजे शिशाच्या खुंटीवर ठेवा, लगवर (तारेच्या टोकाला असलेल्या, खुंटीला आवळणाऱ्या पकडीवर) नको. दुसरं टोक सोलेनॉइडच्या जाड बोल्टवर, जिथे बॅटरीची तार येते. सेल मारा. मधे सगळं नीट असेल तर मीटर अर्ध्या व्होल्टच्या आत राहील. दीड-दोन व्होल्ट दाखवले, तर तेवढे व्होल्ट या वाटेत खाल्ले जात आहेत. मग एक एक जोड तपासत या: खुंटी ते लग, लग ते तार, तार ते बोल्ट. जिथे आकडा उसळतो तिथे दोष आहे.

हेच अर्थिंगला, म्हणजे निगेटिव्ह बाजूला, करा. एक टोक निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल मारताना ०.२ च्या आसपास ठीक. जास्त आलं तर इंजिन आणि बॉडीच्या मधली अर्थ पट्टी पाहा. आपल्याकडे पावसाळ्यात ती बोल्टच्या खाली गंजते आणि वरून मात्र चकचकीत दिसते.

लोक विचारतात, तारेला मीटरचा बझर लावला तर वाजतो, मग तार खराब कशी? हिशेब करून पाहा. जोडात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा आहे असं धरा. साधा मीटर तो दाखवणारच नाही. पण १५० अँपिअर वाहायला लागले की तिथे दीड व्होल्ट गेले. तारेची एकच बारीक नस शाबूत असली तरी बझर वाजतो, दिवा लागतो, सेल्फ मात्र फिरत नाही. म्हणून ही तपासणी भार असतानाच करायची. मला हे शिकायला काही वर्षं लागली, आणि त्याआधी मीही गिऱ्हाइकांच्या चांगल्या बॅटऱ्या बदलायला लावल्या. आठवलं की अजूनही रुखरुख लागते.

टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचतं. ते कसं काढायचं?

आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, फसफसायचं थांबलं की साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. सोड्याचं पाणी सेलच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. खुंटी आणि लगची आतली बाजू पॉलिश पेपरने उजळवा, घट्ट बसवा, आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह. पेट्रोलियम जेली घट्ट केल्यानंतर वरून लावायची. लगच्या आत कागद किंवा पत्र्याचा तुकडा कोंबून घट्ट करण्याची सवय सोडा, लग सैल झाला असेल तर नवा टाका.

"उन्हाळाभर तं मस्त चालली, डिसेंबरात काहून दगा देऊन राहिली?"

एका काकूंनी अगदी याच शब्दांत विचारलं होतं. बॅटरी आजारी पडते मे महिन्यात, आणि अंथरूण धरते डिसेंबरात. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद आहे. बाहेर इतकं असताना उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल ते तुम्हीच विचार करा. उष्णतेने आतल्या प्लेटा लवकर गंजतात आणि पाणी उडतं. बॅटरीच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब आहे: सरासरी तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. पण उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं, सेल्फला जोर कमी लागतो, म्हणून दुखणं झाकलं जातं. थंडीत ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीची ताकदही घटते. डिसेंबर २०१८ मध्ये इथं पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हाच्या सकाळी मला अजून आठवतात.

माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांवरून सांगतो, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी इथं तीन-चार वर्षं चालली तर ती चांगली चालली. गाडी सावलीत लावा. पाणी घालायची बॅटरी असेल तर मार्चमध्ये आणि पुन्हा मेच्या सुरुवातीला पातळी पाहा. पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरचं, आरओचं किंवा कुलरचं पाणी घातलं की त्यातले क्षार प्लेटांवर बसतात.

रोज रात्री बॅटरी उतरते. सकाळी जंपर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून तारा लावून सुरुवात), दिवसभर ठीक, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एक तर ती चार्ज धरत नाही, किंवा रात्री काहीतरी गुपचूप करंट पितं आहे. घड्याळ, लॉक, कॉम्प्युटर यांच्यासाठी ५० मिलिअँपिअरच्या आत गेले तर चालतात. ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीतून तेवढे गेले तरी ती अर्धी व्हायला दोन आठवडे लागतात. पण डिकीतला पाच वॉटचा दिवा लागून राहिला तर तो दिवसाला दहा अँपिअर-तास खातो. तीन-साडेतीन दिवसांत बॅटरी साफ.

मोजायचं असं. इंजिन बंद, किल्ली बाहेर, दारं बंद. निगेटिव्ह लग काढा, मीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून खुंटी आणि लग यांच्यामध्ये जोडा. अर्धा तास थांबा, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मग आकडा पाहा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या लाइनीवर चोर आहे. मीटर असा लावलेला असताना सेल मारू नका, मीटर जळेल. चोर बहुधा बाहेरून बसवलेल्या वस्तूंतच सापडतो: म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, स्वस्तातलं रिमोट लॉक. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या ताराही पाहाव्या लागतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर गावाला जातो. काय करावं?

बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह लग काढून ठेवा. परत आल्यावर घड्याळ लावावं लागेल, काही गाड्यांत काचांची ऑटो सेटिंग पुन्हा करावी लागेल.

जंपर लावायचा बरोबर क्रम कोणता?

लाल आधी आपल्या उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग दुसऱ्या गाडीच्या पॉझिटिव्हला. काळा दुसऱ्या गाडीच्या निगेटिव्हला, आणि काळ्याचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून लांब. दुसऱ्या गाडीचं इंजिन पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, मग सेल मारा. काढताना उलट क्रम.

कामठी रोडवर किंवा वर्धा रोडवर ट्रकवाला भाऊ प्रेमाने मदतीला थांबतो. त्याचे आभार माना, पण त्याच्या बॅटरीवरून जंपर घेऊ नका. मोठ्या ट्रकची सिस्टिम २४ व्होल्टची असते, तुमची १२ ची. एका क्षणात कॉम्प्युटर जळू शकतो. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळणारी असेल तर जंपर अजिबात नको.

जंपरने चालू झाली. आता अर्धा तास फिरवली की झालं ना?

नाही. सीताबर्डीच्या गर्दीत ए.सी. लावून अर्धा तास रांगलात तर बॅटरीत फारसं काही जमा होत नाही. पार उतरलेल्या बॅटरीला चार्जरवर संथपणे भरू द्या. ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास. रिकामी बॅटरी भरायचा सगळा बोजा अल्टरनेटरवर टाकला तर तो तापतो, आणि मग दोन दुरुस्त्या होतात.

इंजिन चालू असताना टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासतात. ते बरोबर आहे का?

कार्ब्युरेटरच्या जमान्यातली ती रीत आहे. आजच्या गाडीत टर्मिनल काढताच व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. कुणी हात घालत असेल तर नम्रपणे थांबवा. मीटर लावला की तेच उत्तर काहीही न मोडता मिळतं.

धक्का मारून चालू करू का?

मॅन्युअल गाडी असेल आणि बॅटरीत थोडा तरी जीव असेल तर चालतं. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ढकला, वेग आला की क्लच सोडा. डॅशबोर्डच लागत नसेल तर ढकलून दमू नका, इंजेक्शनच्या गाडीला पंप आणि कॉम्प्युटर चालवायला वीज लागते. इंजिन चालू होईपर्यंत स्टिअरिंग आणि ब्रेक जड राहतात, म्हणून उतारावर जपून. ऑटोमॅटिकला धक्का नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीला तर मुळीच नाही.

पाणी शिरलेल्या गाडीला सेल मारून पाहू का?

नाही. एकदाही नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपण सगळ्यांनी पाहिली. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, अंबाझरी लेआउट आणि आसपासच्या भागात गाड्या बुडाल्या. पुढचे कित्येक दिवस मी फक्त त्याच गाड्या करत होतो. एकाच गल्लीतल्या दोन सारख्या गाड्या होत्या. एकाने पाणी ओसरताच घाईने सेल मारला. दुसऱ्याने आधी फोन केला. पहिल्याचं इंजिन उघडावं लागलं, कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकला होता. दुसऱ्याचे प्लग काढून पाणी बाहेर काढलं, ऑइल आणि फिल्टर बदलले, गाडी आजही चालते आहे.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन वर येताना त्याला जागाच उरत नाही. सेल्फ अडतो, "ठक" होऊन थांबतो, आणि जोर जास्त असेल तर रॉड वाकतो. अशा वेळी निगेटिव्ह लग काढा, एअर फिल्टर उघडून ओला आहे का पाहा, ऑइलची डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, गाडी टो करा. पाणी शिरलेलं असताना सेल मारून झालेलं इंजिनचं नुकसान साध्या विम्यात बहुतेक वेळा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं.

इंजिन जाम झालं आहे का, हे कसं ओळखायचं?

पाण्यात गेलेली नसेल आणि मॅन्युअल असेल तर सोपं आहे. इग्निशन बंद, सपाट जागा, हँडब्रेक सोडून वरच्या गिअरमध्ये टाका आणि दोघांनी हळू पुढे ढकला. फक्त पुढेच, मागे ढकललं की इंजिन उलटं फिरतं. उसळी देत देत गाडी सरकली तर इंजिन मोकळं आहे. चाकं रुतल्यासारखी बसली तर पुढचं काम मेकॅनिकचं. तो निगेटिव्ह लग काढून, गाडी न्यूट्रल करून, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहील. तेव्हाही फिरलं नाही तर बेल्ट उतरवून पुन्हा पाहायला सांगा. अल्टरनेटरचं बेअरिंग किंवा ए.सी.चा कॉम्प्रेसर जाम झाला तरी इंजिन जाम वाटतं. इंजिन उघडण्याआधी ही पाच मिनिटं जरूर द्या.

बटन स्टार्टची गाडी आहे. बटन दाबलं की नुसते दिवे लागतात.

ब्रेक दाबताना मागचे ब्रेक लाइट लागतात का, ते कुणाला तरी पाहायला सांगा. लागत नसतील तर ब्रेकचा स्विच गेला आहे. तुम्ही ब्रेक दाबला हे गाडीला कळतच नाही, म्हणून ती सेल देत नाही. हा स्विच स्वस्त असतो. ब्रेक लाइट ठीक असतील तर किल्लीचा सेल पाहा, बहुतेक किल्ल्यांत सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल असतो. तो उतरला असेल तर किल्लीच बटनाला टेकवून दाबा, बऱ्याच गाड्या तेवढ्यावर घेतात. तुमच्या मॉडेलची जागा वेगळी असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

रात्री हायवेवर अडकलो तर?

हॅझर्ड लावा, त्रिकोण मागे लांब ठेवा, माणसांना रस्त्याच्या कडेबाहेर उभं करा. गाडीत बसून राहू नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वर फोन करा. सेल पुन्हा पुन्हा मारू नका. एका वेळी पाच-सात सेकंद, मग निदान अर्धा मिनिट विश्रांती. सलग मारला तर चांगला सेल्फही जळतो.

जुन्या बॅटरीचं काय करायचं?

ती देऊन नवी घ्या, दुकानदार वजनावर किंमत कमी करतो. २०२२च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आत शिसं आणि आम्ल असतं, गच्चीवर किंवा अंगणात ठेवू नका, मुलं हात लावतात.

तुम्हाला फोन करताना काय सांगावं?

गाडीचं मॉडेल, पेट्रोल की डिझेल, मॅन्युअल की ऑटोमॅटिक. सेल मारल्यावर कोणता आवाज आला, आणि हेडलाइटचा उजेड काय झाला. बॅटरी कधी घेतली, तारीख तिच्यावर किंवा वॉरंटी कार्डावर असते. गेल्या पंधरा दिवसांत गाडीत काही नवीन बसवलं का, गाडी पाण्यातून गेली का. फोन गाडीजवळ धरून एकदा सेल मारला तरी चालेल, मी ऐकतो आणि मग निघतो. पाण्यातून गेली असेल तर मात्र किल्लीला हात लावू नका.